सापाचं गाव सांभाळताना: गोव्यात लोकॅलिटी कॉर्न स्नेक पाळणं आणि वाढवणं

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या मिरचीच्या ढिगापुढे उभं राहून ‘कुठली ही?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: हरमलची. शेजारच्या टोपलीतलीही हरमलचीच. हरमलला एवढी मिरची पिकते तरी कुठे, असा प्रश्न पडतो, पण रंग बघून आपण घेतो. खरं-खोटं घरी हुमण केल्यावर कळतं.

कॉर्न स्नेक या अमेरिकेतल्या बिनविषारी सापाच्या दुनियेत ‘ओकीटी’ या नावाचं हेच झालं आहे. ओकीटी हे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात, जॅस्पर काउंटीतल्या एका शिकार क्लबच्या जमिनीचं नाव. स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाचे कार्ल कॉफेल्ड तिथे साप शोधायला जायचे. १९५० च्या दशकात त्यांनी त्याबद्दल लिहिलं आणि तिथल्या भगव्या अंगाच्या, लाल डागांभोवती जाड काळी किनार असलेल्या सापांचं नाव झालं. पुढे तशी किनार दिसली की साप कुठलाही असो, ओकीटी म्हणून विकला जायला लागला. किनार निवडून-निवडून पिढ्यान्‌पिढ्या आणखी जाड केलेले सापही याच नावाने फिरतात. ते देखणे असतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. फक्त ते त्या जमिनीवरचे असतीलच असं नाही.

लोकॅलिटी साप म्हणजे ज्याची वंशावळ एका ठरावीक जागच्या रानातून पकडलेल्या जोडीपर्यंत कागदावर मागे नेता येते आणि मधे कुठे परकं रक्त आलेलं नाही, असा साप. कागद नसेल तर तो नुसता कॉर्न स्नेक. मी हे अक्कलखाती पैसे भरून शिकलो. माझी पहिली ‘ओकीटी’ जोडी दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून आली, कागद ‘नंतर पाठवतो’ म्हणाला. तीन वर्षं जोडी वाढवली, चौदा अंडी उबवली आणि त्यांतून तीन पिल्लं गुलाबी-नारिंगी, लाल डोळ्यांची निघाली. म्हणजे आई आणि बाप दोघांतही काळा रंग न बनवणारं जनुक लपलेलं होतं. हे जनुक मूळ रानातलंच आहे. तसा पहिला साप १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सापडला होता. पण बाजारातल्या दोन सापांत ते एकदम जुळून येतं तेव्हा कुणीतरी रंगीत जातींशी मिसळ केली आहे, असंच धरून चालावं. ती सगळी पिल्लं मी ‘साधे कॉर्न स्नेक’ म्हणूनच दिली.

आधी कायदा

कॉर्न स्नेक, म्हणजे पँथेरोफिस गटॅटस, हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या याद्यांतले परदेशी प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आले आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही, त्यामुळे ही नोंदणी त्याला लागत नाही. पण म्हणून वाट मोकळी झाली असं समजू नका. परदेशातून जिवंत प्राणी आणायला आयात परवाना आणि पशु-क्वारंटाइन लागतं. बँकॉकहून बॅगेत कोंबून आणलेले साप आपल्या विमानतळांवर वरचेवर पकडले जातात, त्यांत कॉर्न स्नेकही असतात. तसला साप स्वस्त मिळतो म्हणून घेतलात तर तस्करीचा माल घेतलात. इथेच पैदास झालेला साप घ्या, आईबापांची माहिती आणि पावती मागा, आणि घेण्याआधी पणजीला वन खात्यात जाऊन सध्याचा नियम विचारून या.

दुसरी गोष्ट. हे वाचून परसातली धामण किंवा कवड्या डब्यात घालायचा मोह झाला तर आवरा. आपल्याकडचे रानचे साप पाळणं गुन्हा आहे. गंमत म्हणजे अमेरिकेतही काही राज्यांत तसंच आहे. जॉर्जिया राज्यात कॉर्न स्नेक स्थानिक, म्हणून तिथल्या माणसाला तो पाळता येत नाही; न्यू जर्सीत तो धोक्यातला प्राणी म्हणून संरक्षित आहे. ‘अस्सल न्यू जर्सीचा’ म्हणून कुणी साप दाखवला तर तो तिथून कसा निघाला, हे आधी विचारा.

गोव्याला कुठलं गाव मानवतं

बहुतेक जण रंगावरून निवडतात. मी म्हणेन, तिथली थंडी बघून निवडा.

ओकीटीच्या भागात जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी ३-४ अंशांपर्यंत उतरतं. तिथला साप दोन-तीन महिने जमिनीखाली निपचित पडून असतो आणि त्यानंतरच त्याच्या अंगात विणीचा हंगाम भरतो. फ्लोरिडाच्या टोकाची कथा वेगळी. मायामीत जानेवारीची रात्र साधारण १६ अंशांची, कीज बेटांवर १८-१९ अंशांची. आपल्याकडे पणजीला जानेवारीत रात्री २० च्या आसपास असतं, सत्तरी-सांग्याच्या बाजूला त्याहून थोडं कमी. म्हणजे कीजच्या सापाला गोव्याचा हिवाळा फारसा परका नाही. त्याच्यासाठी कूलर लागत नाही, साधी गार खोली पुरते.

दिसण्यातही फरक आहेच. मायामीच्या सापाचं अंग राखाडी आणि त्यावर नारिंगी-लाल डाग. कीजचा फिकट गुलाबी-नारिंगी, काळा रंग नावापुरता. त्याच्या पोटाचा काळा-पांढरा पटही पुसट असतो. (याच पटामुळे याला कॉर्न स्नेक म्हणतात असं एक मत आहे, अमेरिकेतल्या रंगीबेरंगी मक्याच्या कणसासारखा तो दिसतो. मक्याच्या कोठारात उंदरांमागे यायचा म्हणून, असं दुसरं.) कीजच्या सापाला एके काळी वेगळी उपजातच मानत. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला, लुइझियाना आणि टेक्सासच्या हद्दीवर असतो तो तपकिरी साप २००२ पासून वेगळी प्रजातीच ठरली आहे: पँथेरोफिस स्लोविन्स्काय. त्याला ‘लुइझियानाचा कॉर्न’ म्हणत गटॅटसशी जोडू नका. त्याच्या पलीकडचा ग्रेट प्लेन्स रॅट स्नेकही कॉर्नशी सहज जुळतो, पिल्लंही सुपीक निघतात. ‘क्रीमसिकल’ आणि ‘रूटबीअर’ या नावांनी विकले जातात ते असेच संकर.

माझ्याकडे आता कीजचीच जोडी आहे. ओकीटीचा हट्टच असेल तर पुढे थंडीचं प्रकरण आहे, ते वाचून ठरवा.

डबा, उष्णता आणि पावसाळा

युरोप-अमेरिकेतली मार्गदर्शकं वाचून लोक पहिल्याच दिवशी हीट मॅट, म्हणजे डब्याखाली ठेवायची विजेची गरम चटई, घेतात. तुम्ही आधी थर्मामीटर घ्या. सापाला डब्याचं एक टोक २९ ते ३१ अंश आणि दुसरं २२ ते २४ अंश हवं असतं. गोव्यात गरम टोक फुकट मिळतं, अडचण गार टोकाची. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ३५ अंश होतात आणि सापाला पळायला जागा उरत नाही. आमचं घर जुनं, चिऱ्यांच्या भिंतींचं. साप ठेवतो ती पूर्वीची कोठाराची खोली, उत्तरेला, जमिनीलगत. तिथे एप्रिलमध्येही दुपारी २९ च्या वर जात नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पश्चिमेच्या भिंतीला डबे लावू नका आणि मेमध्ये दुपारी एसी लावायची तयारी ठेवा. हीट मॅट लागेल ती डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आणि जुलैच्या झडीत. लावाल तेव्हा थर्मोस्टॅटशिवाय लावू नका.

पिल्लाला जेवणाच्या डब्याएवढा टब पुरतो. मोठ्यात ते बावरतं आणि खात नाही. पूर्ण वाढलेला साप तीन ते पाच फुटांचा, त्याला निदान चार फूट लांब पेटी द्या. झाकणाला कुलूप किंवा क्लिपा हव्यातच. साप डोकं घुसेल तिथून अख्खा जातो.

लपायला पिल्लांना मी अर्धी करवंटी देतो, काठाला कानशीने बोटभर खाच पाडून. आतून थंड, धुवायला सोपी, आणि घरी रोज एक नवी तयार होते. मोठ्यांना फुटकं मडकं. कात टाकायच्या आधी डोळे निळसर होतात, तेव्हा मडक्यात ओलं शेवाळ घालायचं.

खाली अंथरायला काथ्याचा भुसा चांगला, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो विसरा. हवेतच एवढी ओल असते की आठ दिवसांत बुरशी धरते, मग पोटाचे खवले तपकिरी होऊन सडायला लागतात. पावसाळ्यात साधं वर्तमानपत्र, दर दोन दिवसांनी बदललेलं. डब्याला चहूबाजूंनी भोकं हवीत. साप तोंड उघडं ठेवून किंवा नाकातून बुडबुडे काढत बसला तर छातीत धरलंय. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवा.

नवा साप आला की निदान साठ दिवस वेगळ्या खोलीत, वेगळा चिमटा, वेगळं पाणी. खवल्यांखाली फिरणारे काळे गोचीडसदृश माइट पाण्याच्या वाटीत बुडालेले दिसतात, म्हणून वाटी पांढरी ठेवा.

खाणं

पिल्लू पाच ते आठ ग्रॅमचं असतं. त्याला दर पाच-सहा दिवसांनी एक पिंकी, म्हणजे नुकतं जन्मलेलं उंदराचं केस नसलेलं पिल्लू. पुढचं गणित सोपं: उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा जेमतेम दीडपट. मोठ्या सापाला दहा-चौदा दिवसांनी एक उंदीर बास. आपल्याकडे साप उपाशी मरतात त्यापेक्षा जास्त कौतुकाने लठ्ठ होऊन मरतात. उंदीर गोठवलेला, मग झिप-पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडवलेला. जिवंत उंदीर सापाला चावतो. घरच्या बिळातला उंदीर कधीच नको, त्याने काय विष खाल्लंय ते ठाऊक नसतं.

कीजची पिल्लं इथे परीक्षा बघतात. बेटांवर त्यांचं लहानपणीचं खाणं म्हणजे सरडे, उंदराचा वास त्यांना अन्नासारखा वाटतच नाही. एका वर्षी पहिल्या खाण्याला सोळांतल्या पाचांनीच खाल्लं. तेव्हा पिंकी साबणाशिवाय धुवायची, कोरडी करायची आणि तिला पालीचा वास लावायचा. भिंतीवरच्या पालीने टाकून दिलेली शेपटी मी उचलून महिनाभर फ्रीझरमध्ये ठेवतो, म्हणजे त्यातले जंत मरतात; मग ती पिंकीच्या नाकावर घासायची. पिल्लू आणि पिंकी छोट्या डबीत, अंधारात, रात्रभर. सकाळी डबी रिकामी दिसली की जो आनंद होतो तो सांगून कळायचा नाही. पावसात अंगणात बेडूक मिळतात म्हणून ते मात्र वापरू नका. बेडूक पकडणं कायद्याने बंद आहे; ‘जंपिंग चिकन’ म्हणून ते खाणाऱ्यांना जो नियम, तोच आपल्याला.

थंडी

मादी तीन वर्षांची, तीन फुटांची आणि तीनशे ग्रॅमची झाल्याशिवाय तिला नराजवळ नेऊ नका. नर वर्ष-दीड वर्षात तयार होतो. नर-मादी ओळखायला शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्रातून शेपटीच्या दिशेने बारीक सळई घालून बघतात; नरात ती सात-आठ खवल्यांच्या पुढे जाते, मादीत दोन-तीन खवल्यांवर थांबते. हे जाणकाराकडून हातावर शिकून घ्या, वाचून करायचं काम नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीला खाणं बंद. पोट रिकामं व्हायला दोन-तीन आठवडे नेहमीच्या उबेत ठेवा. पोटात उंदीर असताना गारवा दिलात तर तो आत कुजतो आणि साप जातो. मग मायामी-कीजच्या जोडीची हीट मॅट काढा, खिडकी झाका, रात्री खोली १८-२० अंशांवर आणा. डिसेंबर आणि जानेवारी एवढं पुरतं.

ओकीटी किंवा त्याच्या उत्तरेकडच्या सापांना १२ ते १५ अंश हवेत, साठ ते पंचाहत्तर दिवस. घरातला फ्रीज ४ अंशांवर असतो, त्यात साप मरेल. माझ्या एका मित्राने बंद पडलेल्या बारमधला काचेच्या दाराचा बाटल्यांचा कूलर घेतला, त्याला बाहेरून तापमान-नियंत्रक जोडला आणि १४ अंशांवर लावला. काचेला काळा कागद. आत पाणी कायम. दार रोज एकदा उघडून हवा द्यायची. आठवड्याला वजन घ्यायचं. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर साप बाहेर काढायचा. तापमान उतरवायलाही एक आठवडा घ्यायचा आणि चढवायलाही. ही सगळी खटपट करूनही वीज गेली की तो रात्री दोनला बर्फाच्या बाटल्या घेऊन उभा असतो. म्हणून म्हणतो, कीज घ्या.

जोडी आणि अंडी

फेब्रुवारीत मादीला भरपूर खायला घाला. गारव्यानंतरची पहिली कात पडली की तिला नराच्या पेटीत सोडा, उलट नको. दर तीन दिवसांनी पुन्हा, मादी शेपटी हलवून त्याला झिडकारेपर्यंत. प्रत्येक वेळी तारीख वहीत. एका हंगामात एका मादीला एकच नर. मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवू शकते, त्यामुळे दोन नर लावलेत तर पिल्लांचा बाप कोण हे कुणालाच सांगता येणार नाही आणि लोकॅलिटीचा कागद फाडून टाकावा लागेल.

महिना-सव्वा महिन्यात तिचं पोट मागच्या बाजूला गाठीगाठीचं दिसतं. मग ती आणखी एक कात टाकते. त्या दिवसापासून साधारण दहा दिवस मोजा. झाकणाला भोक पाडलेल्या बरणीत ओलसर शेवाळ घालून तिच्या पेटीत ठेवा. ती आत गुंडाळी करून बसेल आणि एका सकाळी दहा-वीस पांढरी, चामड्यासारखी अंडी एकमेकांना चिकटलेली दिसतील.

अंडी फिरवायची नाहीत. कोंबडी फिरवते, साप फिरवत नाही; चोवीस तासांनंतर आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो. पेन्सिलने वर खूण करा आणि आहेत तशीच उचला. चिकटलेली सोडवू नका. वर्मिक्युलाइटमध्ये (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज) वजनाने तेवढंच पाणी मिसळा, मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये. त्यात अंडी अर्धी रुतवा, झाकण लावा, आठवड्यातून एकदा उघडून हवा द्या. २७ ते २९ अंशांत साठ दिवसांच्या आसपास ती फुटतात. ३२ च्या वर गेलं तर कणा वाकडी पिल्लं निघतात किंवा निघतच नाहीत. आपली अंडी नेमकी मेमध्ये येतात, म्हणून उबवणीचा डबा मी थर्मोकोलच्या पेटीत, जमिनीवर, पाण्याने भरलेल्या चार बाटल्यांच्या मधे ठेवतो. वीज गेली तरी बाटल्यांमुळे तासन्‌तास तापमान हलत नाही.

आणि मुंग्या. पहिल्या वर्षी कीजची अकरा अंडी होती. जूनचा पहिला पाऊस पडला, त्या रात्री मुंग्या जमिनीतून वर आल्या आणि हवेच्या भोकांतून आत शिरल्या. सकाळी झाकण उघडलं तर एका अंड्याला चीर पडली होती आणि चिरेतून जे डोकावत होतं त्यावर मुंग्यांची काळी रेघ. सात अंडी गेली. आईने बघितलं, काही बोलली नाही, स्वयंपाकघरातल्या दुधाच्या जाळीच्या कपाटाचं स्टूल आणलं आणि त्याचे चार पाय पाण्याने भरलेल्या चार वाट्यांत ठेवले. तिच्या सासूबाईंपासून चालत आलेली युक्ती. तेव्हापासून थर्मोकोलची पेटी त्या स्टुलावर असते. वाट्यांत साबणाचा एक थेंब घालायचा आणि पाणी दर तिसऱ्या दिवशी बदलायचं, नाहीतर डास. रॉकेल मात्र नको, वाफ अंड्यांना बाधते.

पिल्लं आणि वही

पिल्लू अंड्याला चीर पाडून डोकं बाहेर काढून दिवसभर बसतं. ओढून काढू नका, आतलं पिवळं अजून पोटात जायचं असतं. बाहेर आलं की प्रत्येकाला वेगळी डबी. एकत्र ठेवलेली पिल्लं कधी एकमेकांना गिळतात. आठवड्या-दहा दिवसांत पहिली कात, मग पहिलं खाणं. तीनदा आपणहून खाल्ल्याशिवाय पिल्लू कुणाला देऊ नका.

सगळ्यांना घरं मिळतीलच असं नाही. म्हणून किती अंडी उबवायची ते आधीच ठरवा. उरलेली पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये. हे कठोर वाटतं, पण ‘मोलेच्या रानात सोडलं’ हे त्याहून वाईट. ग्रँड केमन बेटावर असेच आलेले कॉर्न स्नेक आता तिथलेच होऊन बसलेत. आपल्या हवेत कीजचा साप सहज तगेल. आणि सुटलेला साप शेजाऱ्यांना दिसला तर पाठीवरचे डाग बघून ते त्याला घोणस समजतील आणि दांडा घेऊन धावतील. अमेरिकेतही लोक त्याला विषारी कॉपरहेड समजूनच मारतात.

भावंडांची जोडी एकदा चालते, पिढ्यान्‌पिढ्या नाही. त्याच गावचा पण दुसऱ्या घराण्यातला नर ज्याच्याकडे असेल त्याच्याशी अदलाबदल ठेवा. रानातून पकडलेल्या जोडीची पिल्लं एफ१, त्यांची एफ२, असं मोजत जायचं. मूळ जागा काउंटीपर्यंत लिहायची. नुसतं ‘फ्लोरिडा’ लिहून काहीच कळत नाही. जे माहीत नाही तिथे कोरी रेघ ठेवायची, अंदाज लिहायचा नाही.

प्रत्येक डबीवर एक कार्ड असतं आणि पिल्लू जातं तेव्हा ते कार्ड त्याच्याबरोबर जातं, नक्कल वहीत राहते. गेल्या पावसाळ्यातलं एक समोर आहे, कडेला पिंकीच्या पाण्याचा डाग पडलेला:

‘कीज-३१. मादी. लोअर कीज, मन्रो काउंटी, फ्लोरिडा. एफ३. आई कीज-२, बाप कीज-५. अंडी ४ मे, फुटलं ३ जुलै, ६ ग्रॅम. पहिली कात ११ जुलै. पिंकी १३ जुलै, नाही. १६ जुलै, नाही. १९ जुलै, पालीच्या वासाची, खाल्ली.’